६० अंशांत प्रकाश वळवायचाय: खांबांची लायब्ररी की इन्व्हर्स डिझाइन?

तिरपा_किरण
मंडळी, मेटासरफेसवर (प्रकाश वळवणारी, तरंगलांबीहून लहान खांबांची सपाट नक्षी) काम करणारं कुणी आहे का इथे? काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक खांब, उंची ६०० नॅनोमीटर, ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर काचेच्या बाजूने सरळ आत येतो आणि हवेत ६० अंशांनी वळून बाहेर पडायला हवा, एवढंच काम. नेहमीच्या पद्धतीने केलं, म्हणजे वेगवेगळ्या व्यासाच्या खांबांची लायब्ररी बनवली, कुठला खांब किती फेज देतो (म्हणजे लाट किती मागे पाडतो) ते काढलं आणि ० ते ३६० अंश फेज भरेल असे खांब ओळीत लावले. १० अंशांना झकास, २० ला ठीक, ६० ला बोंब. निम्मा प्रकाशसुद्धा हव्या त्या दिशेला जात नाही, उरलेला सरळ निघून जातो नाहीतर उलट्या बाजूला पडतो. सगळे म्हणतात इन्व्हर्स डिझाइन कर, म्हणजे हवा तो परिणाम सांगायचा आणि आकार संगणकाला शोधू द्यायचा. खरंच फरक पडतो का, की नुसतं फॅड आहे?

कुतूहल
बाळबोध प्रश्न. खांबांनी प्रकाश वळतो म्हणजे नक्की काय होतं? लेन्स, प्रिझम कळतं, हे नाही कळत.

ग्रेटिंगवाली
@कुतूहल, प्रिझममध्ये काचेची जाडी एका बाजूला वाढत जाते, जाड बाजूचा प्रकाश मागे पडतो, लाटेचा माथा तिरपा होतो आणि किरण वळतो. इथे जाडी तेवढीच ठेवायची आणि खांबाची रुंदी बदलायची. रुंद खांबात प्रकाश जास्त रेंगाळतो, बारीक खांबात कमी, त्यामुळे पृष्ठभाग सपाट राहूनही माथा तिरपा होतो. २०११ मध्ये हार्वर्डमधल्या कापासोंच्या गटाने सिलिकॉनवर सोन्याच्या व्ही आकाराच्या अँटेना ठेवून हे दाखवलं, तेव्हापासून या विषयाचा बोलबाला झाला. ती इन्फ्रारेडमधली गोष्ट होती. दिसणाऱ्या प्रकाशात त्यांच्याच गटाची टायटॅनियम डायऑक्साइडची लेन्स २०१६ ला आली.

आता मूळ प्रश्न. @तिरपा_किरण, आधी साधं गणित करा. सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी पिरियड (नक्षी जेवढ्या अंतराने परत येते ते अंतर) म्हणजे तरंगलांबी भागिले साइन कोन. ५३२ भागिले ०.८६६, म्हणजे ६१४ नॅनोमीटर. खांबांमधलं अंतर दोनशेच्या आसपास धरलं तर एका पिरियडमध्ये बसतात तीन खांब. तीनच! ३६० अंशांचा जिना तीन पायऱ्यांत चढायचा. आणि लायब्ररी बनवताना तुम्ही काय धरलेलं असतं, तर प्रत्येक खांबाच्या चारही बाजूंना तसेच्या तसे खांब अनंतापर्यंत आहेत. १० अंशांना पिरियड ३ मायक्रोमीटरच्या वर जातो, शेजारी थोडाथोडाच बदलतो, म्हणून ते गृहीतक खपून जातं. ६० अंशांना जाड खांबाच्या शेजारी थेट बारका खांब येतो, एकातला प्रकाश दुसऱ्यात झिरपतो, लायब्ररीत लिहिलेल्या फेजला काही अर्थच उरत नाही. त्यात परत लायब्ररीतला खांब प्रकाश सरळ बाहेर पडेल असं धरून मोजलेला असतो, तिरपं सोडायला तो बांधलेलाच नाही.

त्यामुळे फॅड नाहीये. छोट्या कोनांना लायब्ररी पुरते, मोठ्या कोनांना अख्खा पिरियड एक वस्तू म्हणून बघावा लागतो.

जुना_खेळाडू
+१, पण थोडा मिठाचा खडा टाकतो. हे सगळं २०११ ला जन्मलं असं जे चित्र उभं राहतं ते काही खरं नाही. फ्रान्समध्ये फिलिप लालान आणि मंडळींनी १९९८ मध्येच काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचे तरंगलांबीहून लहान खांब उभे करून ग्रेटिंग (ठरावीक अंतराने परत येणारी नक्षी) केली होती, आणि ती पारंपरिक करवतीच्या दात्यांसारख्या ग्रेटिंगपेक्षा जास्त एफिशियंट निघाली, म्हणजे हव्या दिशेला जास्त प्रकाश देणारी. नाव तेवढं मेटासरफेस नव्हतं. कुठलाही ऑप्टिमायझर (आकार पावलापावलाने सुधारत नेणारा प्रोग्राम) न वापरता, नीट विचार करून.

२०१७ मध्ये रादी, सूनास आणि आलू यांनी मेटाग्रेटिंगवर जे लिहिलं तेही बघ. म्हणणं असं की तीव्र कोनांना फेजचा जिना बांधत बसणं हाच मुळात चुकीचा रस्ता आहे, तिथे एफिशियन्सीला वरून टोपी बसते. पिरियड ठरला की प्रकाशाला जायला मोजकेच रस्ते असतात, नको असलेले रस्ते बंद करा, बास. त्याला पिरियडमध्ये एकच नीट घडवलेला तुकडा पुरू शकतो.

तुझ्या बाबतीत रस्ते किती? हवेत ०, +१ आणि -१ या ऑर्डर, म्हणजे सरळ, हव्या बाजूला आणि उलट्या बाजूला. काचेत परत जाणारे तेच तीन, कारण काचेचा अपवर्तनांक १.४६ धरला तर दुसरी ऑर्डर तिथेही उठत नाही. एकूण सहा. पाच बंद करायचे, एक उघडा ठेवायचा. प्रश्न असा मांडला की डोकं शांत होतं.

तिरपा_किरण
सहा रस्ते हे भारी आहे, असं बघितलंच नव्हतं. पण पाच रस्ते बंद करायला आकार कुठला घ्यायचा हे कागदावर कसं काढणार? तिथेच ऑप्टिमायझर लागणार ना? आणि खरं सांगायचं तर मला भीती वेगळी आहे. एक पिरियड ६४ गुणिले ६४ पिक्सेलमध्ये कापला तर ४०९६ पिक्सेल, प्रत्येकात माल आहे की हवा हे ठरवायचं. एकेक पिक्सेल हलवून काय होतं ते बघायचं म्हटलं तर एका पावलाला चार हजारांवर सिम्युलेशनं. हयात जायची.

अॅडजॉइंट_अण्णा
आलो आलो. नावातच सगळं आहे त्यामुळे मी यायलाच हवं होतं :)

४०९६ पिक्सेल असोत की चाळीस लाख, एका पावलाला सिम्युलेशनं दोनच लागतात. कसं ते बघ. पहिलं सिम्युलेशन नेहमीचं, काचेतून प्रकाश सोड आणि पिरियडमध्ये प्रत्येक ठिकाणी विद्युत क्षेत्र किती आहे ते साठवून ठेव. दुसरं उलटं, यालाच अॅडजॉइंट म्हणतात. तुला ज्या ६० अंशांच्या दिशेला प्रकाश हवाय, त्याच दिशेकडून एक लाट परत डिझाइनवर सोड आणि परत सगळीकडचं क्षेत्र साठव. आता एखाद्या पिक्सेलमध्ये थोडा माल वाढवला तर तो पिक्सेल म्हणजे एक छोटासा नवा स्रोत. त्याला उजेड किती मिळतो हे पहिलं सिम्युलेशन सांगतं. आणि तो टाकलेला उजेड ६० अंशांच्या दिशेला किती पोचतो? त्यासाठी वेगळं सिम्युलेशन नको, कारण प्रकाशाचा जाण्यायेण्याचा हिशेब सारखाच असतो, तिकडून इकडे जेवढा पोचतो तेवढाच इकडून तिकडे. ते दुसऱ्या सिम्युलेशनमध्ये आलेलंच आहे. दोन्ही क्षेत्रांचा गुणाकार घे, आत्ताच्या ट्रान्समिशनच्या फेजशी जुळव, वास्तव भाग घे, झाला ग्रेडियंट, म्हणजे कुठला पिक्सेल बदलला तर किती फायदा याचा तक्ता. सगळ्या पिक्सेलचा एका दमात.

याचं मूळ प्रकाशात नाहीये. पूल आणि यंत्रांच्या भागांचं वजन कमी करायला टोपोलॉजी ऑप्टिमायझेशन आलं, बेंडसो आणि किकुची १९८८, तिथून ते फोटॉनिक्समध्ये शिरलं. २०१५ ला स्टॅनफर्डच्या वुचकोविच यांच्या गटाने २.८ मायक्रोमीटरच्या चौकोनात १३०० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश वेगवेगळ्या वाटांना लावणारं डिझाइन करून दाखवलं. ते चित्र बघितलं तर कुणी सांडलेल्या शाईचा डाग वाटेल, माणसाच्या हातून तसा आकार येणारच नाही. आणि तुझ्या कामाच्या सगळ्यात जवळचं म्हणजे जोनाथन फॅन यांच्या गटाचं, तेही स्टॅनफर्डचं, २०१७ चं. सिलिकॉनच्या वेड्यावाकड्या आकारांनी जवळच्या इन्फ्रारेडमध्ये ७५ अंशांपर्यंत प्रकाश वळवलाय.

कुतूहल
मग सिलिकॉनच घ्या ना, त्याचा अपवर्तनांक तर जास्त असतो?

ग्रेटिंगवाली
हिरव्या रंगात सिलिकॉन प्रकाश खातो. इन्फ्रारेडला उत्तम, ५३२ ला टायटॅनियम डायऑक्साइडच बरा.

अवांतर: खांब गोल न घेता लांबट पात्यासारखे घेतले आणि नुसते फिरवले तरी फेज मिळते, वर्तुळाकार पोलरायझेशनच्या प्रकाशाला पातं जेवढं फिरवू त्याच्या दुप्पट. २०१६ ची ती लेन्स याच तत्त्वावर होती. याच्या मुळाशी आपले भौतिकशास्त्रज्ञ पंचरत्नम. बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये असताना त्यांनी १९५६ मध्ये हे लिहून ठेवलं, याच फेजवरचं भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरींचं काम १९८४ चं, आणि पुढे बेरींनी स्वतः पंचरत्नमना श्रेय दिलं. पेपरात नाव वाचलं की दर वेळी बरं वाटतं.

तिरपा_किरण
@अण्णा, दोन क्षेत्रांचा गुणाकार कळला, एकदम स्वच्छ सांगितलंत. पुढचा प्रश्न. ग्रेडियंट म्हणतो इथे माल ०.३ ने वाढव. ०.३ टायटॅनियम डायऑक्साइड आणि ०.७ हवा असा पदार्थ कुठून आणू?

अॅडजॉइंट_अण्णा
नाही आणायचा. सुरुवातीला करडं चालू दे, मग हळूहळू काळं-पांढरं करत न्यायचं. दोन गोष्टी लागतात. एक फिल्टर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची किंमत आजूबाजूच्या पिक्सेलांशी सरासरी करून घ्यायची, त्याने एकेकट्या पिक्सेलची खसखस नाहीशी होते आणि फिल्टरच्या त्रिज्येवरून सगळ्यात बारीक तुकडा किती असेल याचा अंदाज बांधता येतो. दुसरं प्रोजेक्शन, ०.५ च्या वरचं १ कडे आणि खालचं ० कडे ढकलणारं वक्र. त्याचा बीटा (वक्र किती तीव्र हे ठरवणारा आकडा) सुरुवातीला लहान ठेव, मग टप्प्याटप्प्याने वाढव. बीटा वाढवलास की एफिशियन्सी दणकन खाली येते, मग काही पावलांत परत वर चढते. ग्राफ करवतीसारखा दिसेल, घाबरू नकोस. घाई करून एकदम बीटा वाढवलास तर मात्र ती पडते आणि वर येतच नाही, कारण ग्रेडियंटच मरतो, पिक्सेल ० किंवा १ ला चिकटून बसतात.

अजून एक. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर ग्रेडियंट काढताना काळजी घे. सीमेला लंब असलेलं विद्युत क्षेत्र तिथे उडी मारतं, मग कुठल्या बाजूची किंमत घ्यायची? समांतर भागासाठी विद्युत क्षेत्र आणि लंब भागासाठी विस्थापन क्षेत्र घ्यायचं, ती दोन्ही सीमेवर अखंड असतात. टीई पोलरायझेशनच्या (विद्युत क्षेत्र पट्ट्यांना समांतर) सरळ पट्ट्यांना हा त्रास नाही, टीएमला (क्षेत्र पट्ट्यांना आडवं) हमखास येतो.

जुना_खेळाडू
म्हणूनच माझं मत, आधी सरळ पट्ट्या आणि फक्त टीई. एका दिशेने अनंत लांब पट्ट्या असतील तर आरसीडब्ल्यूए (परत परत येणाऱ्या नक्षीसाठीची गणनापद्धत) सेकंदांत उत्तर देतं. दोन्ही दिशांना नक्षी घेतलीस की हार्मोनिक्स (हिशेबात धरलेल्या लाटा) वर्गात वाढतात आणि आतलं गणित घनात, म्हणजे दोन्ही दिशांना हार्मोनिक्स दुप्पट केले तर वेळ साधारण ६४ पट. आणि टीएमला जुन्या पद्धतीने लिहिलेला कोड भलत्याच संथ गतीने स्थिरावतो, ते कोडं १९९६ मध्ये सुटलं, ली यांचे फॅक्टरायझेशनचे नियम शोधून वाच. तुझ्या कोडमध्ये ते आहेत का बघ.

नक्षी घ्यायचीच झाली तर आडव्या अक्षाभोवती आरशासारखी सममित घे. मग एका पोलरायझेशनचा प्रकाश दुसऱ्यात जात नाही आणि हिशेबही निम्म्यावर येतो.

न्यूरल_नाना
इतकी उठाठेव कशाला, न्यूरल नेटवर्क ट्रेन करा, आकार द्या की एफिशियन्सी मिळते, मिलिसेकंदात काम.

अॅडजॉइंट_अण्णा
नाना, ट्रेन करायला डेटा कुठून येणार? हजारो सिम्युलेशनं करूनच ना. एका कोनाच्या, एका तरंगलांबीच्या कामाला तो खर्च वसूल होत नाही. शंभर वेगवेगळे कोन हवे असतील तर बोलू. आणि यादृच्छिक आकारांवर ट्रेन केलेलं नेटवर्क मध्यम दर्जाचे आकार छान ओळखतं, पण आपल्याला हवेत ते अपवादात्मक चांगले, नेमके तेच ट्रेनिंगमध्ये नसतात.

हां, एक प्रकार मला आवडतो. फॅन यांच्याच गटाचं ग्लोनेट, २०१९ चं. त्यात डेटासेट नसतोच. नेटवर्क आकार काढतं, त्या आकारांचं सिम्युलेशन आणि अॅडजॉइंट ग्रेडियंट काढून तोच नेटवर्कला शिकवायला वापरतात. एका आकाराऐवजी आकारांचा अख्खा घोळका सुधारत जातो.

न्यूरल_नाना
ते नव्हतं माहीत, वाचतो. पण मग ग्रेडियंटने मिळालेलं उत्तर सगळ्यात चांगलं आहे याची गॅरंटी कोण देणार?

जुना_खेळाडू
कुणीच नाही. यात स्थानिक शिखरं ढिगाने असतात. वेगवेगळ्या सुरुवातींपासून बऱ्याच वेळा चालवायचं आणि चांगलं ते उचलायचं, दोन सुरुवातींच्या निकालांत जमीन-अस्मानाचा फरक येऊ शकतो. पेपरात शेवटचं गोजिरं चित्र छापतात, टाकून दिलेली कुणी छापत नाही.

आणि नंबर चांगला आला म्हणून नाचू नका. ऑप्टिमायझर हा करारातल्या पळवाटा शोधणाऱ्या वकिलासारखा असतो, तुम्ही लिहिलंय तेवढंच पाळणार. फक्त ५३२ ला एफिशियन्सी मागितलीत तर कुठलातरी तीक्ष्ण रेझोनन्स पकडून ५३२ ला कमाल करेल आणि ५३० ला झोपेल. हार्मोनिक्स कमी ठेवलेत तर सिम्युलेशनच्या चुकीचाच फायदा उठवेल. म्हणून शेवटचा आकार दुप्पट हार्मोनिक्सवर आणि शक्यतो दुसऱ्याच पद्धतीने, एफडीटीडीने (काळाची छोटी पावलं घेत लाट पुढे नेणारी पद्धत), तपासायचा. मीप हा एफडीटीडीचा प्रोग्राम फुकट आहे, अॅडजॉइंटही आहे त्यात.

तिरपा_किरण
मग मी ५२० ते ५४५ असा पट्टाच मागतो. त्या सगळ्या रंगांना ६० अंश.

ग्रेटिंगवाली
ते कुठलाही ऑप्टिमायझर देणार नाही. कोन पिरियड ठरवतो, ऑप्टिमायझर फक्त कुठल्या रस्त्याला किती प्रकाश ही वाटणी बदलतो. पिरियड ६१४ ठेवलात तर ५२० चा प्रकाश जाणार ५८ अंशांच्या जरा खाली आणि ५४५ चा ६२ च्या पुढे. ६० च्या आसपास दर नॅनोमीटरला ०.१९ अंश सरकतो. तुम्ही मागू शकता ते हे, की प्रत्येक रंगाचा जास्तीत जास्त प्रकाश +१ मध्ये जावा, मग तो त्याच्या त्याच्या कोनाला का जाईना. लेझर असेल तर काहीच अडचण नाही, एलईडी असेल तर डाग पसरणार.

फॅबवाला
उशिरा आलो, पण तुमच्या गप्पा सगळ्या स्क्रीनवरच्या चालल्यात म्हणून बोलतो. आम्हाला फाइल येते त्यात ३० नॅनोमीटरच्या फटी असतात आणि उंची ६००. म्हणजे २० ला १. थेट एच केलं (कोरून काढलं) तर अरुंद फट रुंद फटीपेक्षा हळू खोदली जाते, शेजारी शेजारी असल्या तर एक तळाला पोचते, दुसरी अर्ध्यात. कोपरे गोल होतात, भिंती किंचित कलतात.

ऑप्टिमायझेशनवाले किमान आकाराबद्दल बोलतात, कमाल आकाराबद्दल कुणी बोलत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचे उंच खांब बऱ्याचदा साच्याने करतात, म्हणजे ई-बीमने (इलेक्ट्रॉनच्या झोताने) रेझिस्टच्या तात्पुरत्या थरात भोकं, मग एएलडीने (अणूंचे थर एकेक करून चढवणारी पद्धत) भोकं भरायची, वरचा थर एच करून काढायचा, शेवटी रेझिस्ट काढायचं. भोक भरतं कडांकडून आत, म्हणून थराची जाडी सगळ्यात रुंद भोकाच्या निम्मी तरी हवी. ८० नॅनोमीटरच्या खांबाला ४० पुरतात. तुमच्या ऑप्टिमायझरने मधेच ३०० नॅनोमीटरचा ऐसपैस गोळा काढला की १५० लागतात, आणि एएलडी एका सायकलला नॅनोमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून कमी चढवतं. मशीन तुमच्या एका गोळ्यासाठी किती वेळ अडकलं ते काढा. शिवाय तेवढंच वरून परत एच करायचं. कमाल रुंदीचीही अट घाला, हात जोडून विनंती.

अॅडजॉइंट_अण्णा
कमाल रुंदीचं सोनं आहे हे, आम्ही लोक खरंच घालत नाही. किमानाला उत्तर आहे. एकाच वेळी तीन आकार ऑप्टिमाइझ करायचे, मूळ, थोडा झिजलेला आणि थोडा फुगलेला, आणि तिघांतला जो सगळ्यात वाईट तो सुधारायचा. खर्च तिप्पट, स्क्रीनवरचा नंबर थोडा कमी येतो, पण डोस (ई-बीमचा मारा) इकडेतिकडे झाला तर डिझाइन कोसळत नाही. तीक्ष्ण रेझोनन्सवाल्या पळवाटाही यात आपोआप बंद होतात, कारण कडा ५ नॅनोमीटर हलली की रेझोनन्स सरकतो.

कुतूहल
आणि अशी अख्खी लेन्स करायची झाली तर?

ग्रेटिंगवाली
एक सेंटीमीटर व्यासाची लेन्स, ३०० नॅनोमीटरला एक खांब, तर सुमारे ८७ कोटी खांब. अख्खं सिम्युलेशन विसरा. मधल्या भागात वळण कमी, तिथे लायब्ररी. कडेला वळण जास्त, तिथे छोटे तुकडे पाडून एकेक ऑप्टिमाइझ करतात आणि शिवतात. शिवणीवर थोडा प्रकाश सांडतो. पण सगळ्या रंगांना एकाच ठिकाणी आणायचं असेल तर मोठ्या व्यासाच्या पातळ लेन्सला भौतिकशास्त्रच आडवं येतं, तिथे संगणक वाढवून उपयोग नाही.

तिरपा_किरण
ठरलं मग. सरळ पट्ट्या, टीई, किमान ६० आणि कमाल १५० रुंदी, तीन आकार एकत्र, शेवटी मीपमध्ये तपासणी. @फॅबवाला, एकाच चिपवर लायब्ररीवालं आणि ऑप्टिमाइझ केलेलं दोन्ही टाकू का?

फॅबवाला
टाकाच, आणि प्रत्येकाच्या चार-पाच प्रती कडा थोड्या आत-बाहेर करून. म्हणजे डोस चुकला तरी एखादी बरोबर बसते. फाइलमध्ये पिक्सेलच्या पायऱ्या ठेवू नका, कडा गुळगुळीत बहुभुजात बदलून द्या, लिहायला वेळ कमी लागतो.

जुना_खेळाडू
मोजताना एक बघ. भागायचं कशाने ते आधी ठरव. काही जण +१ चा प्रकाश आत आलेल्या एकूण प्रकाशाने भागतात, काही जण फक्त पलीकडे गेलेल्या प्रकाशाने, आणि दुसरा नंबर नेहमी देखणा दिसतो. तुझ्या मागच्या काचेवर कोटिंग नसेल तर साडेतीन टक्के तिथेच परत जातात, ते डिझाइनच्या डोक्यावर मारू नकोस, पण वगळलेत असं लिही. आणि ० ऑर्डर आणि -१ पण मोज, काचेतले परत येणारे तीन जमतील तसे. बेरीज शंभराच्या जवळ येत नसेल तर प्रकाश खडबडीत भिंतींवर विखुरतोय नाहीतर टायटॅनियम डायऑक्साइड शोषतोय, मग परत फॅबवाल्याकडे जायचं, ऑप्टिमायझरकडे नाही.

फॅबवाला
या, पण सेमची (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची) इमेज घेऊन या.